उडी त्याच पायावर

२ नोव्हेंबर

आज सर तिच्या मांडीवर बसले. बसले! ताण देताना पाय जमिनीला पुरता टेकत नाही म्हणून. ती – माझ्या बहिणीची पोर, सगळ्यांची भिंगरी – जमिनीला चिकटलेली, तोंडात टॉवेलचं टोक. वरून सरांच्या तोंडाचा पट्टा चालूच – "लाकूड आहेस का? खाली! अजून खाली!"

मी कॉलर धरून त्यांना उठवलं. बाकीच्या मुली आरशात बघत राहिल्या. एकीनेही मान वळवली नाही.

"ताई, तुम्ही पट्ट्या बांधा, बर्फ लावा. विजेते मी घडवतो."

"लंगडे घडवता तुम्ही!"

मी या नृत्यसंघाची फिजिओ आहे. बर्फवाली नाही.

५ नोव्हेंबर

भिंगरीची नडगी. बोटाने दाबलं की एकाच जागी किंचाळते. स्नायूचं दुखणं पसरतं, हे पसरत नाही – तेव्हाच संशय आला होता. आज तपासणीत दिसलं. हाडाला तडा, केसाएवढा. आणि अंतिम फेरी पंधरवड्यावर!

शेवटच्या झेपेत खांब तिला डोक्यावरून फेकतो आणि ती उतरते ती याच पायावर. खांब म्हणजे तिचा जोडीदार. रुंद खांद्यांचा, बोलायला महाकंजूष. त्याला तडा दाखवला.

"मी हळू फेकीन."

अरे बाबा, जमीन मऊ होणार आहे का त्याने?

सरांचं उत्तर तयार होतं – "नडगी सगळ्यांचीच दुखते. फवारा मारा."

९ नोव्हेंबर

पालकांची सभा. मी पेटले होते. म्हटलं, शर्यतीचा घोडा लंगडला तर त्याला रिंगणाबाहेर काढतात. आपण पोरीचा पाय फवाऱ्याने बधिर करतो आणि पुन्हा पळवतो! वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, तुम्ही त्याचाच गळा आवळताय! इतिहासात डोकावा – गर्दीच्या करमणुकीसाठी ज्यांनी ज्यांनी माणसं रिंगणात सोडली, ते सगळे स्वतःला गुरूच म्हणवत होते!

काय टाळ्या पडल्या! छप्पर उडायचं बाकी होतं.

मग एक आई उठली. "म्हणजे भिंगरी नाचणार नाही ना? आमच्या मुलीला ती उडी येते."

घरी आले तर बहिणीचा फोन. "पोरीचं वाटोळं करायला निघालीस. तुझं स्वतःचं मूल असतं तर..." फोन भिंतीवर भिरकावला.

१० नोव्हेंबर

फोन गेला. भिंतीचा पोपडाही.

१४ नोव्हेंबर

भिंगरी माझ्या खोलीत आली. डोळ्याला डोळा भिडवून, माझ्यासमोर नडगीवर फवारा मारला. मी डबा हिसकावला. तिने माझ्या मनगटावर नखं ओढली – रक्त आलं.

"मावशी, तुला माझा पाय नकोय. तुला सरांना हरवायचंय!"

कानाखाली वाजवणार होते. हात वर गेलाही होता. ती मागे सरली नाही. सवय झालीय पोरीला.

१९ नोव्हेंबर



अंतिम फेरी. सकाळीच खांबाने सरांना सांगितलं – मी तिला फेकणार नाही. सरांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली. "फेकशील! तुझा बापही फेकेल!" तो गाल चोळत मागच्या दाराकडे गेला. आमचा क्रमांक पुकारला गेला. भिंगरी रंगमंचाच्या पायरीवर, नडगी बधिर करून, हसतमुख.

मागे लोखंडी दार आपटलं. किंकाळी.

वळून पाहते तर खांबाचा डावा हात दाराच्या फटीत, बोटं चेचलेली, आणि सर कडीला धरून उभे.

मी ओरडले – "यानेच चिरडला! पोराने नाही म्हटलं म्हणून!" थांबले नाही मी. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर काढलं – ती मांडी, तो फवारा, ते मुस्काट. आवाज चढत गेला तशी माणसं पुढे सरकत गेली. सभेतली ती आईसुद्धा. आधी धक्काबुक्की, मग लाथा. सर हात जोडून काहीतरी सांगत होते, कुणाला ऐकू येणार? त्यांचा दात माझ्या चपलेजवळ येऊन पडला.

आणि मी बोलतच होते.

जोडी बाद. भिंगरी पायरीवर बसून हमसून हमसून रडली. पाय वाचला!

२१ नोव्हेंबर

सर शुद्धीवर आलेले नाहीत.

खांबाची पट्टी बदलायला बसले. म्हटलं, घाबरू नकोस, पोलिसांसमोर मी स्वतः बोलेन.

"ताई, दार मी ओढलं. हात गेल्याशिवाय तिला थांबवता आलं नसतं. सर सोडवायला धावले होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होतात."