आईच्या हातची चटणी

३० एप्रिल, बुधवार

अकरावा मेल पाठवला! मॉरिशसच्या त्या रिसॉर्टला. आमच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही – आवडत नाही म्हणून नव्हे, जीव जाऊ शकतो म्हणून. हे आतापर्यंत अकरा तऱ्हांनी लिहून झालंय. प्रीतमच्या कंपनीनं टार्गेट गाठलं, म्हणून बायकापोरांसकट सहल. सगळं त्यातच – पाच ठिकाणी जेवण, दिवसभर हवं ते खा. बाकीच्या बायका खुशीत. मी मेलवर मेल लिहितेय.

ऋता तीन वर्षांची असताना तिनं हळदीकुंकवाला दाण्याचा एक लाडू खाल्ला होता. ओठ केवढे सुजले! श्वास कोंडला. तेव्हापासून इंजेक्शनचं पेन माझ्या पर्समध्ये. डॉक्टर म्हणाले होते, दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांसमोर, कणाकणानं दाणे देऊन सवय करता येते. मी साफ नको म्हटलं. माझ्या पोरीवर प्रयोग नकोत.

१ मे, गुरुवार

बॅगा भरल्या. सासूबाईंनी बेसनाचे लाडू करून दिले. “येक बी दाना न्हाई त्यात. भांडी बी येगळी घेतली.” असेलही. पण याच म्हणाल्या होत्या ना – “आमच्या टायमाला नव्हतं बया असलं कायी!” लाडू गुपचूप फडताळात ठेवून दिले.

आकुर्डीहून आलेला आईचा डबा मात्र घेतला. दशम्या, आणि तिची खोबरं-लसणाची चटणी. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिला एकदा सांगितलं की कळतं. चाकणला कंपनीत मी रोज आलेला माल तपासते, कागद नसलेली एक पेटी गेटच्या आत घेत नाही. पण आईच्या डब्याला कसला आलाय कागद!

३ मे, शनिवार

पोचलो. शेफ स्वतः टेबलाशी आला. नाव विकाश, पणजोबा बिहारचे म्हणे. ऋतासाठी वेगळा तवा, वेगळा डाव, ताटाला पिवळी चिठ्ठी. “घर से कुछ लाये हैं, मैडम?” म्हटलं, ते माझ्या आईनं केलंय, त्याची काळजी नको.

एरवी शनिवारी ऋता आकुर्डीला आजीकडे असते. तिच्या शाळेला सुट्टी शनिवारी, आमच्या कंपन्यांना गुरुवारी, करणार काय! रात्री परतली की हमखास खोकते. आज नाही खोकली. समुद्राची हवा मानवली. सासूबाईंचं मागे काय तर – “शनवारी तिकडनं आली की पोरगी खाजवतीया.” माझ्या माहेराला नावं ठेवायला निमित्तच हवं असतं!

४ मे, रविवार

काहीही झालं नाही. मी चक्क तासभर पाण्यात होते!

५ मे, सोमवार

दवाखान्यातून लिहितेय.

संध्याकाळी ऋता कुरकुरायला लागली – “मला घरचं हवं.” खोलीत बसून दशमीबरोबर आईची चटणी दिली. आवडीनं खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मीच भरवलं. दहा मिनिटांत मान लाल, मग ओठ, मग श्वासाला शिट्टी. पेन मांडीत खुपसलं. गाडी. ऑक्सिजन. आता झोपली आहे. ठीक आहे म्हणतात. रात्रभर इथेच ठेवणार.

विकाश मागोमाग दवाखान्यात आला, दिवसभरात ऋताला दिलेल्या प्रत्येक पदार्थाची यादी घेऊन. मी त्याला काय काय बोलले! प्रीतम तर माझ्याहून मोठ्यानं – “नौकरी खा जाऊंगा तेरी!” तो यादी टेबलावर ठेवून गेला.

६ मे, मंगळवार

सकाळी यादी वाचली. कामावर हेच तर करते – माल बिघडला की उलटं चालत जायचं, शेवटचा हात कोणाचा लागला ते शोधायचं. जेवण एक वाजता. त्रास साडेसहाला. मध्ये एकच गोष्ट.

खोलीवर येऊन डबा उघडला. चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी लसूण, मग खोबरं, आणि मागून – दाण्याचं कूट. शंकाच नको. आईनं केलीय म्हणून मी चाखूनसुद्धा पाहिली नव्हती!

आईला फोन. आधी “छे, काहीतरीच.” मग –

“अगं, दिवाळीपासून दर शनिवारी देतेय. थोडं थोडं वाढवत. जरा खाजतं, खोकते, मग थांबतं. बरी होत चालली होती ती! तिकडे खंड पडायला नको म्हणून चटणीत चमचाभर घातलं. तुला विचारलं असतं तर देऊ दिलं असतंस?”

नसतं दिलं. म्हणून तर विचारायचं असतं ना!

कुंपणानंच शेत खाल्लं. परक्यांच्या स्वयंपाकघराला अकरा मेल, आणि आईला एक प्रश्न नाही. सहा महिने माझी पोरगी खोकत होती आणि मी आकुर्डीच्या धुळीला दोष देत होते. खरं बोलत होत्या त्या एकट्या सासूबाई, आणि त्यांचे लाडू फडताळात. संताप येतोय. त्याहून जास्त लाज वाटतेय.

७ मे, बुधवार

विकाशची माफी मागितली. म्हणाला, “अगली बार घर का डिब्बा भी हमको दिखाना, मैडम.” आणि हसला. मला रडूच फुटलं.

प्रीतम माफी मागायला आला नाही. म्हणाला, “जाऊ दे, विषय संपव. आणि आईंना फार बोलू नकोस, त्यांनी वाइटासाठी नाही केलं.” माझ्या आईची बाजू घेतोय! किती मोठं मन, वाटलं.

१० मे, शनिवार

काळेवाडीला घरी परतलो. सासूबाईंना सगळं सांगितलं, लाडवांचंही. आता टोमणा येणार म्हणून मान खाली घालून उभी होते. म्हणाल्या, “पोरगी जित्ती हाय न्हवं? मंग झालं. चा टाक.”

ऋता आकुर्डीला आजीकडे कधी जायचं विचारतेय. काय सांगू?

११ मे, रविवार

पाच दिवसांनी आईचा फोन उचलला. रडत होती. “मला एकटीलाच किती बोलशील? कूट, ग्रॅमचा काटा, कुठल्या शनिवारी किती द्यायचं त्याचा तक्ता – सगळं दिवाळीत प्रीतमरावांनीच आणून दिलं होतं मला.”

प्रीतम खाली ऋताला सायकल शिकवतोय. गॅलरीतून हाक मारून तिला वर बोलावलं. फक्त तिला.