बागबाजारच्या घाटावरचं ‘ऐका’

आई,

काल संध्याकाळी इथं कोलकात्यात तुझ्या घाटावर जाऊन आले. बागबाजारच्या. रेल्वेचे रूळ ओलांडून खाली उतरायचं, ते अजून तसंच आहे. रूळ ओलांडताना माझा हात आपोआप वर गेला, तू धरशील म्हणून. साठी उलटलेल्या बाईनं भर रस्त्यात हात वर केला आणि मग केस सारखे केल्याचं नाटक केलं. तुला हसू आलं असतं. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता त्याच्या कानाशी पांढरे केस दिसतात. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. पण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही, कारण ती गंमत आपल्या दोघींचीच आहे.

मी हल्ली एकटी प्रवास करते. हे वाचून तू आधी विचारणार, ‘आणि सोबतीला कोण?’ तुझा ठरलेला प्रश्न. वाण्याकडे जायचं तरी सोबत, दवाखान्यात सोबत, मी सासरी निघाले तर पाठराखीण म्हणून मावशीला धाडलंस सोबतीला. तर ऐक, सोबतीला कोणी नाही. तुझे जावई गेले, आई. तीन वर्षं होतील. मोठं आजारपण नव्हतं, मी पाणी आणायला उठले तेवढ्यात सगळं संपलं. पहिलं वर्ष मी घराबाहेर पडलेच नाही. मग एके दिवशी दोन पोळ्यांची कणीक भिजवताना इतका राग आला, त्या घराचा, त्या एवढ्याशा गोळ्याचा, की तशीच उठले आणि बुंदीचं तिकीट काढलं. त्यानंतर मांडू, हंपी, भूज. आता मला नकाशा बघून गल्ल्या सापडतात, रिक्षावाल्याशी हुज्जत घालता येते, जड बॅग कुणाच्या मदतीशिवाय गाडीत चढवता येते. भिशीतल्या बायका म्हणतात, ‘धन्य आहे बाई तुझी, कित्ती बदललीस!’ बदलले खरीच. पण देवळाच्या कळसावर ऊन पडलेलं दिसतं आणि तोंडातून ‘अहो, बघा ना’ निघून जातं, त्याचं काय करायचं ते अजून शिकले नाही. हॉटेलात वेटर समोरची जादा ताटली उचलून नेतो तेव्हा मी मेन्यूकार्डात तोंड घालून बसते. कित्येक दिवस असे जातात की सकाळपासून झोपेपर्यंत माझं बोलणं म्हणजे ‘खोलीची चावी द्या’ आणि ‘गरम पाणी आहे का’, एवढंच.

आणि जाईन त्या गावी मी एक खोटं बोलते. बुंदीत लॉजवाल्यानं विचारलं, ‘मॅडम, अकेली हैं?’ आणि मी पटकन म्हटलं, ‘नहीं, मिस्टर पीछे से आ रहे हैं.’ बाईमाणसानं एकटीनं फिरायचं तर असंच सांगावं, त्यात पाप नाही. पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. मांडूला त्यांची बस चुकली, हंपीला गुडघा दुखत होता म्हणून ते खोलीत पडून राहिले. इथं कोलकात्यात ते हावड्याला कामात अडकले आहेत. आल्या आल्या गेस्टहाउसच्या मॅनेजरांना सांगून ठेवलं, ते कधीही सकाळी येऊन थडकतील, चहा दोन पाठवत जा, त्यांचा बिनसाखरेचा. तेव्हापासून ट्रेमध्ये दोन कप येतात. एक माझा दोन चमचे साखरेचा, ज्यावरून तू ‘चहा पितेस की पाक?’ म्हणायचीस, आणि एक त्यांचा. आपल्या माणसांत ते गेले हे म्हणावंच लागतं, म्हणते. परक्या माणसासमोर मात्र त्यांना जिवंत ठेवता येतं, आणि तिथं ते शब्द माझ्या जिभेवरच येत नाहीत. या खेपेला ठरवून निघाले होते, एकदा तरी कुणा अनोळखी माणसाला खरं सांगायचं. नाही जमलं तर बॅग माळ्यावर टाकायची, कारण मग हे फिरणं कसलं, निव्वळ पळ काढणं झालं. आणि पहिल्याच दिवशी दोन चहा सांगून बसले.

बाबांची बँकेनं इथं बदली केली तेव्हा तू तिशीची होतीस आणि मी नऊ वर्षांची. साताऱ्याहून आलेली तू, दिवसभर त्या वरच्या मजल्यावर. बाबा कामावर, मी शाळेत, आणि खाली घरमालकीणबाई, ज्यांचा शब्द तुला कळत नव्हता. आपण मराठी असं समजल्यावर त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, ‘ओ मा, बोर्गी!’ आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बोर्गी म्हणजे आपले ते बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार, ज्यांच्या धास्तीनं या गावानं खंदक खणला. तो म्हणे इथूनच, बागबाजारातून सुरू व्हायचा. आणि त्या बोर्ग्यांच्या लेकीला कोपऱ्यावरून पडवळ आणायला सोबत लागायची! ती सोबत म्हणजे मी. गल्लीतल्या मुलींशी खेळता खेळता बंगाली शिकले आणि तुझी दुभाषी झाले. मावशीला इथं माशी म्हणतात हे सांगितलं तर तू पोट धरून हसलीस, आणि हसता हसता डोळे पुसायला लागलीस ते बराच वेळ.

संध्याकाळी मात्र तू घाटावर यायचीस. मी खालच्या पायरीवर होड्या बघत बसले आहे, तू चार पायऱ्या वर, पदर घट्ट लपेटून. एक ठेंगणी, जाडजूड माशीमा हातात ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन वर येते, तुझ्याकडे बघते आणि विचारते, ‘ॲका?’ तू लगेच सावरून बसतेस. तुला ऐकू येतं ‘ऐका’. आणि दुकानदारांच्या तोंडून रोज कानावर पडणारा तुझा एकुलता एक बंगाली शब्द तू अदबीनं पुढं करतेस, ‘बोलून.’ म्हणजे, बोला. माशीमा जरा गोंधळते, मग तुझ्याशेजारी बसते आणि खरंच बोलायला लागते. घरी आल्यावर तू बाबांना सांगतेस, ‘किती रीतीची माणसं हो ही. काही सांगायचं असलं की आधी ऐका म्हणतात.’ बाबा पेपरातून मान वर न करता ‘हं’ म्हणतात. पुढं रोजच कोणी ना कोणी तुला ऐका म्हणायचं, आणि तू ऐकायचीस.

मला राहवलं नाही. तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतीस, मी ओट्याला टेकून म्हटलं, ‘आई, ते ऐका नाही काही! ॲका म्हणजे एकटी. तू एकटी आहेस का असं विचारतात त्या, आणि तू त्यांना म्हणतेस, बोला!’ आणि मी खिदळले. तुझं लाटणं थांबलं. तव्यावरच्या पोळीला धूर सुटला तरी तू ती उलटली नाहीस. मग म्हणालीस, ‘तुला कळतं म्हणून सगळं सांगायलाच हवं का गं?’ आवाज चढला नव्हता, पण तू मला फारशी कधी रागावली नाहीस, म्हणून ते आजही तसंच्या तसं कानात आहे. त्या रात्री मी खाली मान घालून जेवले. करपलेली पोळी तू स्वतःच्या पानात घेतलीस.

मला वाटलं, आता तू घाटावर जायची नाहीस. पण दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी वेणी घातलीस, तोंडावर पाणी मारलंस आणि निघालीस. माशीमा अजून आली नव्हती. दुसरीच एक उंच बाई पूजेची परडी घेऊन आली, थबकली, आणि म्हणाली, ‘ॲका?’ तू माझ्याकडे बघितलंस. मी तोंड उघडणार, तोच तू तिच्याकडे वळून म्हणालीस, ‘बोलून.’ आईच्या डोक्यात काही शिरलंच नाही, असं मी तेव्हा समजले. पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट मी आईचा भाबडेपणा म्हणून चारचौघांत सांगितली. लोक हसायचे. तुझे जावई तर दर वेळी नव्यानं हसायचे.

काल उन्हं उतरताना मी त्याच पायऱ्यांवर बसले होते. फेरी धक्क्याला लागली, हावड्याची माणसं उतरून पांगली. एक बाई, माझ्याच वयाची, हातात झालमुरीचा, म्हणजे इथल्या तिखट भेळेचा, कागदी ठोंगा, पायऱ्या चढता चढता दम खायला थांबली. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘ॲका?’ माझं उत्तर तयारच होतं, मिस्टर हावड्याला गेलेत, येतीलच आता. ओठापर्यंत आलंही. पण कानात पडलं होतं तुझं ‘ऐका’, आणि तोंडातून निघून गेलं, ‘बोलून.’ ती चमकली, मग खुदकन हसली, आणि बसलीच गं! लेक दिल्लीला असते, फोन करते पण घाईत करते. गुडघ्यांनी दगा दिलाय. घरात टीव्ही सोडला तर बोलणारं कोणी नाही, म्हणून ती काम नसताना फेरीनं पलीकडे जाते आणि परत येते. मला निम्मं कळलं, निम्मं मान हलवून निभावून नेलं. आणि ऐकता ऐकता लख्ख उमगलं, आई, तुला सगळं कळलं होतं. एकटी आहेस का, तर हो म्हणावं तर बिचारी व्हायचं, नाही म्हणावं तर खोटं बोलायचं. तू दोन्हींतलं काहीच केलं नाहीस. विचारणारीला बसवून घेतलंस. आणि मी इतकी वर्षं तुझ्यावर लोकांना हसवत होते.

मग तिनं ठोंगा माझ्यापुढं धरला आणि विचारलं, ‘आर आपनार कॉर्ता?’ आणि तुमचे यजमान? लहानपणची बंगाली गोळा करायला गेले तर एकच शब्द हाताला लागला. ‘नेई,’ मी म्हटलं. नाहीत. झालं, म्हटलं. बोलूनचालून परकी बाई, नाव ठाऊक नाही की गाव, तिच्यासमोर मी तोंडात मुरमुरे असताना हुंदके देऊन रडले. तिनं हळहळ केली नाही, उपदेश केला नाही. ‘आमारओ नेई,’ म्हणाली, माझेही नाहीत, आणि उरलेली मुरी दोघींत वाटून टाकली. अंधारायला लागलं तशी ती उठली, पुन्हा भेटू वगैरे काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

यानं एकटेपण सरलं असं समजू नकोस. गेस्टहाउसवर परत आले तर खोली तशीच होती, दुसरी उशी तशीच फुगलेली. पण आत जाण्याआधी मॅनेजरांपाशी थांबले आणि सांगितलं, उद्यापासून एकच चहा पाठवा. ‘दादा आशबेन ना?’ त्यांनी विचारलं. ‘ना,’ मी म्हटलं, येणार नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि ‘आच्छा, दिदी’ एवढंच म्हणाले. तेव्हा बॅग काही माळ्यावर जात नाही. पुढं कुठं जायचं ते ठरलेलं नाही, पण जाईन.

हे पत्र टाकणार कुठं? आपलं ते घर पाडून तिथं उंच इमारत झाली आहे, आणि तुझ्या नावाची पेटी तर कुठंच नाही. बॅगेत कपड्यांच्या खाली राहील. सकाळ झाली आहे, एकच कप आला आहे, तो शेजारी ठेवून हे लिहिते आहे. एक तेवढं सांगायचं राहिलं. मॅनेजरांनी मागून हाक मारून विचारलं होतं, दिदी, दोन्हींतला कुठला पाठवू? मी म्हटलं, बिनसाखरेचा.