खांबजवळच्या देवीचे अकरा फोटो

पेण, ता. १२ जानेवारी १९६८

तीर्थरूप दादांच्या पायांवर (दुखरा गुडघा वगळून) सरूचे डोके.

तुमचे पार्सल मिळाले. आत डबा कॅमेरा एक, बारा फोटोंचा रोल एक, शिवाय वहिनींच्या मेतकुटाची पुडी, जी वाटेत फुटल्याने कॅमेऱ्याला अजून फोडणीचा वास येतो. टपालखर्च तुमचा. इकडचा खर्च: दोघांचे एस.टी.चे भाडे जाऊन-येऊन, नारळ एक, खण एक, आणि फोटो धुण्याचे सहा रुपये. पैसे पाठवू नका, खण माझ्या हौसेचा होता. वहिनींचा खोकला कसा आहे? आमच्याकडे यांच्या शिंका सोडल्यास सर्व ठीक.

तुम्ही लिहिले होते की खांब गावच्या आतल्या रानात शिवाचे पडके देऊळ आहे, त्याचे दगड रस्त्याच्या मोरीसाठी उचलणार आहेत, तेव्हा त्याआधी निदान फोटो तरी राहू दे. म्हणून गेल्या रविवारी निघालो. (नागोठण्याला गाडी पाऊण तास उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला होता की चहाच्या मळ्यात, ते कळले नाही.) पुढे कोसभर पायी. पण दादा, देऊळ पाहिले आणि पाय दुखायचे विसरले! छप्पर नाही, कळस नाही, गाभाऱ्यातून उंबर उगवलेला. तरी जे चार खांब उभे आहेत त्यांवर कारागिराने बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. एका पट्टीत हंसच हंस, आणि प्रत्येकाची मान निराळी वळलेली. माझ्या हातून एकवीस करंज्यांची मुरड एकसारखी पडत नाही, आणि त्या माणसाने अख्ख्या दाराच्या चौकटीला मुरड घातली आहे, तीही दगडात! मी आधी पिंडीवर पाणी घातले, मगच कॅमेऱ्याला हात लावला. मापासाठी शेजारी काहीतरी उभे करा असे तुम्ही लिहिले होते, म्हणून दर फोटोत यांना उभे केले आहे. सहाव्यात दोन डोकी दिसतात, ती शिंक आहे.

देवळामागे तळे आहे. तिथे धोंडुबाई नावाची गावची बाई एका आडव्या पडलेल्या दगडावर गोधडी वाळत घालत होती. गोधडीचे टोक उचलले तर खाली मूर्ती! हातात कडी, कानांत कुंडले, केसांचा भरघोस अंबाडा. शिवाच्या देवळात दुसरे कोण असणार? मी म्हटले, अहो, ही पार्वती आहे. ती म्हणाली, "अगो बाय! आणि मी हिच्यावर पोरांची दुपटी घालतेय!" आम्ही दोघींनी मूर्तीला न्हाऊ घातले, हळदकुंकू लावले, खणानारळाने ओटी भरली. बारावा फोटो तिचा काढला.

एवढ्यात रस्त्याच्या कामावरचा पोपट मुकादम पहारी घेतलेले सहा गडी घेऊन आला. गड्यांनी ओटी पाहिली, पहारी खाली ठेवल्या आणि चपला काढल्या. पोपट म्हणाला, "काल हा दगुड होता!" धोंडुबाई म्हणाली, "काल तू तरी मुकादम होतास काय रे? परवापरयंत माझ्या शेतात भारे वाहत होतास." तो हसला, पण हटेना. शेवटी बोलणे असे ठरले की कोणा जाणकाराने देवी असल्याचे लिहून दिले तर तो ते साहेबांना दाखवून दगड दुसरीकडून आणील. नाहीतर २४ तारखेला पहारी लागणार. मी सांगून टाकले, माझे थोरले भाऊ याच विषयातले आहेत.

फोटो सोबत आहेत. हंसांचा वहिनींना अवश्य दाखवा.

तुमची,
सरू

ता. क. : तेव्हा तसे दोन ओळींचे पत्र, सहीनिशी, पोपटसाठी पाठवा. फोटोंत देऊळ राहील, पण त्यावर पाणी घालता येत नाही.

आणखी एक : फोटो मोजाल तर अकरा भरतील. बारावा माझ्या पोथीत आहे. त्या दिवशी मी चष्मा घरी ठेवला होता (एस.टी.त फुटला तर नवा घ्यावा लागतो), आणि मूर्तीच्या तोंडावर शेवाळ होते. आम्ही ते नारळाच्या शेंडीने घासले, त्यावर भरपूर कुंकू लावले. फोटोत मात्र सारे स्वच्छ आले आहे. दादा, देवीला मिशा आहेत. चांगल्या पिळदार. यांनी भिंग लावून पाहिले तर कमरेला कट्यारही निघाली. आता हे म्हणतात, हा दारावरचा राखणदार असावा. मी खोटे लिहा म्हणत नाही. पण देऊळ राखायला ठेवलेला गडी असेल, तर एवढ्या शतकांनी, खण अंगावर घेऊन का होईना, त्याने देऊळ राखलेच ना? तेवढ्यापुरते त्याला देवी म्हणणे शास्त्रात कुठे बसते का, पाहा. मंगळवारी, २३ तारखेला, धोंडुबाई गावच्या बायका घेऊन ओटी भरायला येणार आहे, तेव्हा उलट टपाली कळवा. कार्ड नको, पाकीटच पाठवा, पैसे जास्त पडले तरी चालतील. आमचा पोस्टमन सगळी कार्डे वाचतो, आणि तो धोंडुबाईचा जावई निघाला.