शेवटचे रीळ ओपलच्या स्वाधीन

मी, ल्युएला उर्बिना, वय सत्तर, कै. युसेबियो उर्बिना यांची पत्नी, राहणार सेज वेल्स, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. डॉक्टर नाताळचीही खात्री देत नाहीत, तेव्हा आता भीड कोणाची धरू?

१. युसेबियोचे खोगीर आणि नाल ठोकायची हत्यारे पुतण्या लाझारो याला. वापरणार असेल तरच. भिंतीवर टांगायला मिळणार नाहीत.

२. फ्रिजमधला पत्र्याचा डबा खाली लिहिलेल्या खेळाच्या दिवसापर्यंत कोणी उघडू नये. त्यात ‘साल्ट क्रीकचा शेरीफ’ या सिनेमाचे खरे शेवटचे रीळ आहे. आज तो कोणाला आठवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचे चित्रीकरण आमच्याच डोंगरांत झाले आणि घोडे सांभाळणाऱ्या युसेबियोला त्यात आचाऱ्याचे काम मिळाले. चार खून होतात, संशय आचाऱ्यावर येतो आणि शेवटी खुनी निघतो खुद्द शेरीफ. स्टुडिओने पहिला खेळ आमच्या गावात लावला आणि मत लिहायला कार्डे वाटली. गावाने एकमुखाने लिहिले, शेरीफ खुनी असूच शकत नाही. स्टुडिओने शेवट बदलला आणि आचाऱ्याला फासावर चढवले. जुने रीळ कचऱ्यात निघाले होते, ते युसेबियोने उचलून आणले.

मग जन्मभर ऐकत राहिला, “काय रे खुन्या, आज कोणाला विष घातलंस?” तो तिथे हसायचा आणि घरी येऊन न जेवता झोपायचा. त्याच्या दफनाच्या दिवशी थिएटरने मोठ्या मानाने तोच सिनेमा लावला. फाशीला टाळ्या पडल्या. त्या अजून माझ्या कानांतून जात नाहीत.

३. घर धाकटी बहीण ओपल हिला. कार्ड तिनेही भरले होते. जाब विचारला तर म्हणाली, “अगं ल्यू, सिनेमाच होता ना तो! सगळ्यांनी लिहिलं तेच मी लिहिलं.”

अट एकच. मला पुरण्याआधी तिने सगळा गाव थिएटरात जमवून हे रीळ दाखवावे. फिल्म जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या जातीची; आता चिकटली आहे, वास मारते. मशीन चालवणारा हार्लन म्हणतो, “बाई, एकदा चालली तरी नशीब समजा. पेटली तर गेली.” म्हणून सगळे बसल्याशिवाय दिवे घालवू नयेत.

ओपल, हात जोडते, टाळू नकोस. या कामाला मला दुसरे कोणी नाही. रीळ मध्येच पेटले, तर बाहेर अंगणात सगळ्यांना थांबव आणि राहिलेला शेवट तुझ्या तोंडाने सांग: खून शेरीफने केले. आचारी सुटला. तो घरी गेला.

सही: ल्युएला उर्बिना
आमच्यासमोर सही केली:
डेल्मर प्रुइट, औषधविक्रेते
आयोन स्टॅगर, शेजारीण
सेज वेल्स, १४ ऑक्टोबर १९७३