न चाखता

दुबई, ५ फेब्रुवारी १९८९

ती. माय, तुझ्या पायांवर निंबाचं डोकं.

पुनाभाऊ वाचून दाखवेल. ताप गेला, काळजी करू नको. फक्त जिभेला अजून तिखट-खारट काही कळत नाही.

हॉटेलच्या मोठ्या खानसाम्याने अंड्याचा नवा प्रकार काढलाय. तू नाक मुरडशील, पण ऐक. उकडलेलं अंडं मधोमध कापायचं, पिवळा बलक मोहरीऐवजी जपानी हिरव्या तिखटात कालवून परत भरायचा, वर काळे तीळ. परवा मी केलं. पहिल्याच पाहुण्याला ठसका लागला, बिचारा रडायलाच लागला. खानसाम्याने तसलंच अंडं सगळ्यांसमोर मला खायला लावलं. मी आख्खं खाल्लं आणि म्हणालो, "बरोबर झालंय."

खानसाम्याने तिथेच माझा एप्रन काढून घेतला.

सध्या भांडी घासतो. महिन्याने पुन्हा करून दाखव म्हणालाय, नाहीतर घरी जा.

कमलवहिनी बाळंत झाली का?

माय, नैवेद्याचा स्वयंपाक तू कधी चाखत नाहीस. "देवले उष्टं चालत नही," म्हणतेस, तरी मीठ कधी चुकलं नाही. तुला ते कसं कळतं? पुनाभाऊला नीट सांग आणि लवकर लिहून पाठव.

तुझा,
निंबा