मेक्सिकोतलं गाजरगवत

माय, तुझ्या अंगावर उठायची ती खरूज नव्हती. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि हे मला मेक्सिकोतल्या एका माळावर कळलं. नांदेडच्या कॉलेजातून एका सत्रासाठी मी इथे आलेय, झाडं आणि किडे एकमेकांवर कसे जगतात ते शिकायला.

इथे वर्गात फारसं बसवत नाहीत. लाकडी चौकट गवतात टाकायची आणि तिच्या आत कोणती झाडं, किती किडे, ते लिहून घ्यायचं. उन्हात गवतात उकिडवं बसायला पोरगी सातासमुद्रापार गेली म्हणून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. परवा माझ्या चौकटीत गाजरगवत निघालं. आपल्या बांधावर कमरेएवढं माजायचं तेच, बारीक पांढऱ्या फुलांचं. इथे ते गुडघ्यालाही लागत नाही, किड्यांनी पानांची पार चाळणी केलेली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे मूळचं इथलंच, इथे त्याला खाणारे आहेत. गावाकडचं कुणी भेटल्यासारखा मी हात पुढे केला, तर त्या ओरडल्याच. आधी हातमोजे घाल. काहींना याने फोड येतात, हात, मान, पापण्या सुजतात. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पण ज्याला होतं त्याने याला पुन्हा शिवायचं नाही. मी हात मागे घेतला. हात, मान, पापण्या. माय, त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या.

नायगावची आत्या आपल्याकडे राहायला आली ते साल आठवतं? तुझे हात बघून ती दारातच म्हणाली, "खरूज हाय ही वैनी. लेकराला लागंल. चुलीपाशी येऊ नगं, रानातलं बघ." आत्या वाईट नव्हती, तुझ्या अंघोळीला कडुलिंबाचा पाला तीच आणायची. पण तुझी ताटली वेगळी झाली, भाकरी ती थापायला लागली. आणि तुला रानात काम काय दिलं? बांधावरचं गाजरगवत उपटायचं. रोज, नुसत्या हातांनी! अंग भडकलं म्हणून चूल लांब, चूल लांब म्हणून बांध, आणि बांधावर तेच गवत. घरात एवढी माणसं, एकालाही कसं कळलं नाही? पुढच्या पावसाळ्यात तू काविळीने गेलीस, तेव्हाही तुझी ताटली वेगळीच होती. मला राग येतोय, पण आत्यावर काढावा तर मी तरी काय केलं?

ती येळवस, रानातल्या पूजेची ती अमावस्या, अजून डोळ्यांपुढे आहे. सगळं गाव आपापल्या रानात, कडब्याच्या कोपीत पूजा झालेली, आत्याने केलेली पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन पंगत बसलेली. तू एकटी लांब बांधावर. मला हाताने खुणावतेस. मी येते, पण चार पावलं अलीकडेच थांबते. तुझा एक डोळा सुजून मिटलेला. पदराखालून तू तांब्या काढतेस.

"आंबील हाय. तुझ्यापुरती केलीया गपचिप. चारदा साबनानं हात धुतलेत माय. पी."

मी तांब्या घेऊन कोपीमागे जाते. परत येते तेव्हा तू माझ्याकडे बघत नाहीस, जोंधळ्याकडे बघतेस.

"मीठ बराबर हाय का गं?"

"हाव. लई चांगली झाली."

तू रिकामा तांब्या पदराने पुसलास. तेवढ्यावर दिवसभर खुशीत होतीस.

हे मी झाडांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहितेय. वही उद्या बाईंकडे द्यायची आहे, म्हणून पान फाडून घेईन आणि माझ्याजवळच ठेवीन.

माय, ती आंबील मी जोंधळ्यात ओतली होती. मीठ कसं होतं, मला माहीत नाही.