गव्हाला विचारून

ओरोसेई, १२ मार्च २००३

लाडक्या गविना,

तुझं पत्र पोचलं. तोरीनोत अजून बर्फ आहे म्हणतेस. इकडे बदाम फुलून गळूनही गेले. तू सांभाळतेस ते म्हातारेबुवा आता नीट जेवतात का? तुझी इलेनिया माझ्या कानापर्यंत आलीय. इन्सुलिन स्वतःच टोचून घेते आणि वर मलाच दटावते, "मावशी, तोंड फिरव. तुझ्याने बघवत नाही."

काल तिला काल्यारीच्या इस्पितळात नेलं होतं. लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलांच्या मानेवर यंत्र फिरवून रक्तवाहिनीची भिंत मोजतात. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "जाड झालीय. तेरा वर्षांची मान नाही वाटत ही, चाळिशीची वाटते."

"मग लिपस्टिक लावू ना?" आपली पोर म्हणाली.

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लवकर सापडलंय. साखर नीट आवरली, मी देते ती गोळी चुकवली नाही, तर थोपवता येईल. पण गेल्या वर्षी बोलावलं होतं, तेव्हा का नाही आणलंत?"

इलेनिया पटकन म्हणाली, "मला ताप होता तेव्हा."

ताप नव्हता, गविना.

गेल्या वर्षी 'तपासणी झाली, सगळं ठीक आहे' असं मी तुला लिहिलं. आम्ही काल्यारीला गेलोच नव्हतो. बसच्या थांब्यावर मला आपला भाऊ एफिसिओ आठवला. साखरेने बिघडलेला त्याचा पायही डॉक्टर 'नुसता बघणार' होते. आधी अंगठा गेला, मग पाय, मग तो. मी पोरीचा हात धरून मागे फिरले, ती थेट दृष्ट काढणाऱ्या पास्काआजीकडे. तिने दृष्ट बघायला पाण्यात गव्हाचे दाणे सोडले. एकावरही बुडबुडा धरला नाही. "काही झालेलं नाही गं पोरीला," म्हणाली. मला तेवढंच ऐकायचं होतं. नन्सनी मला आठ वर्षं लॅटिन शिकवलं, आणि मी गव्हाला विचारून आले.

तिचं एक वर्ष मी घालवलं.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आईला नको सांगूस. ती तुझ्याशी बोलायची बंद होईल." तेराव्या वर्षी तिला माझं खोटं सांभाळावं लागतंय, म्हणून लिहिते आहे.

तिला न्यायला आलीस, तर कपडे इस्त्री करून ठेवीन, अडवणार नाही. नाही आलीस, तर सप्टेंबरात पुन्हा मोजायचंय, मी नेईन.

वाटेल ते बोल, पण पत्रात बोल. फोन तीच उचलते.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
बोनारिया